फोनवरचा आवाज : वडगावच्या एका भजनी गळ्याचं प्रकरण

बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूर हा पट्टा मागवाल्यांचा. गल्लीत शिरलं की आधी खटका ऐकू येतो, घर मागून दिसतं. ह्या प्रकरणातल्या ताई वडगावच्या, वय ३८. पुढच्या सोप्यात चार यंत्रमाग, मागे स्वयंपाकघर, माडीवर झोपायच्या खोल्या. घरात मालक (म्हणजे ताईंचे यजमान), सासूबाई, एक मुलगी, एक मुलगा. ताई कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) भरतात, दोन माग सांभाळतात आणि संध्याकाळी महिला भजनी मंडळात चाल सांगतात. चाल सांगायची म्हणजे अभंग आपण उचलायचा आणि बाकीच्यांनी मागून धरायचा. नाव आणि गल्ली सांगत नाही. लिहायला परवानगी मिळाली ती त्याच अटीवर.

मी शहापुरात गायन आणि पेटी शिकवतो. अलीकडे माझ्याकडे गाणाऱ्यांपेक्षा बोलणारेच जास्त येतात. शाळेतल्या बाई येतात, कीर्तनकार येतात, भाजी मार्केटात सौदे पुकारणारे येतात. एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंच्या सल्ल्यानं मी त्यांचा सराव करून घेतो. तपासणी आणि औषध हे माझं काम नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या भागात गाण्याचा मास्तर म्हणजे अर्धा वैद्य असा समज आहे, आणि मास्तर लोकांनीही तो मोडायची फारशी घाई केलेली नाही.

ताई आल्या त्या अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाल्यावर. पहिलंच वाक्य, "सर, मी बोलतो पण मधनंच आवाज जातोय की ओ." (आमच्याकडे बायकाही 'बोलतो', 'जातो' म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) आवाज खरखरीत, खालचा, वाक्याच्या शेवटी नुसती हवा. सकाळी बरा, संध्याकाळी संपलेला. आठ महिन्यांपासून असं होतंय. गणपतीत आरत्या झाल्या आणि उरलासुरलाही गेला.

मी नेहमीचे प्रश्न विचारले, त्यांनी नेहमीची उत्तरं दिली. खरी तक्रार बाहेर पडली ती चप्पल घालताना. पार्सलवाल्याचा फोन आला की तो "हां दादा, पत्ता सांगा" म्हणतो. बँकेतून फोन आला की "सर, मॅडमना द्या." एकदोनदा त्यांनी "मीच मॅडम" म्हणून सांगितलं, तर पलीकडचा हसला. तेव्हापासून फोन मुलीकडे. मंडळातही दोन महिने त्या मागच्या रांगेत उभ्या राहून नुसता टाळ वाजवत होत्या. घशाच्या दुखण्यासाठी त्या आल्याच नव्हत्या. घसा दुखत होता, पण तो कुणाचा दुखत नाही?

शेजाऱ्यांनी धीर दिला होता तो गंगूबाई हनगल ह्यांचं नाव घेऊन. धारवाडला १९१३ साली जन्मलेल्या गंगूबाईंचा आवाज टॉन्सिलच्या उपचारानंतर भारी झाला, पुरुषासारखा लागू लागला, आणि त्याच आवाजात त्या पुढची कित्येक दशकं किराणा घराण्याची गायकी गाजवत राहिल्या. हुबळी-धारवाडपासून दोन तासांवर राहणाऱ्या माणसाला हा दाखला तोंडपाठ असणारच. पण तो इथे लागू नव्हता. आवाज भारी असणं वेगळं आणि घोगरा असणं वेगळं. भारी आवाज खाली असतो पण भरीव असतो. गळ्यातले स्वरतंतू पूर्ण मिटतात, पूर्ण उघडतात, सूर ठाम राहतो. घोगऱ्या आवाजात मिटणं नीट होत नाही, फटीतून हवा गळते. ताईंना मी 'आ' लांबवायला सांगितला, तो ७ सेकंदांत संपला. धडधाकट बाईचा पंधरा-वीस सेकंद सहज टिकतो. मग नुसती हवेची 'स्स्स' घ्यायला लावली, ती १६ सेकंद. म्हणजे श्वास भरपूर होता. तो आवाजात न लागता वाया जात होता.

मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर आधी कॅमेऱ्यानं बघून घ्यायचं, सराव नंतर, हा माझ्याकडचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. गाण्याच्या मास्तरांना ह्याची लाज वाटायचं काही कारण नाही. जिवंत माणसाचे गाते स्वरतंतू आरशातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची वाट १८५४ साली दाखवली ती मॅन्युएल गार्सिया ह्या गायनशिक्षकानंच, कुण्या डॉक्टरानं नव्हे.

कॅमेऱ्यात दिसलं ते असं : दोन्ही स्वरतंतूंच्या कडेवर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो त्या जागी, समोरासमोर दोन बारीक उंचवटे. डॉक्टरांच्या तोंडून 'गाठी' हा शब्द गेला आणि घरात चार दिवस कुणी नीट जेवलं नाही. गाठ म्हटलं की आपल्याकडे एकच रोग डोळ्यांपुढे येतो. चौथ्या दिवशी ताई माझ्याकडे सासूबाईंना घेऊन आल्या. मी तंतूंचं चित्र काढून दाखवलं. आवाज काढताना हे दोन्ही काठ एकमेकांवर आपटतात, आणि जिथे आपटण्याचा जोर सगळ्यात जास्त तिथेच हे वर आलेत. सासूबाईंनी आपला हात पुढे केला. चाळीस वर्षं मागावर काम केलेला तळवा, बोटांच्या मुळाशी पिवळट टणक कातडी. "म्हणजे हे घट्टं की." मी इतकी वर्षं लोकांना समजावतोय, पण हा शब्द मला सुचला नव्हता. त्या दिवसापासून मी 'गाठ' म्हणत नाही.

घट्टा म्हटल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो : घासतंय काय?

बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा मिटतात आणि उघडतात, पुरुषाचे ११०-१२० वेळा. एक तास आवाज लावला तर ताईंच्या गळ्यात ७ लाखांवर आघात होतात. असे घट्टे मोठ्या माणसांत बायकांना जास्त होतात त्याचं हे एक सरळ कारण, तंतू आखूड आणि आघात जवळपास दुप्पट. शिक्षिकांना होतात, गायिकांना होतात, आणि गल्लीत दिवसभर ओरडत खेळणाऱ्या पोरांनाही होतात. सुरी लावायची घाई नसते. आपटणं कमी झालं की बरेचसे घट्टे आपणहून बसतात. आपटणं तसंच राहिलं तर कापून काढलेलाही परत येतो.

ताईंचं आणि मंडळाचं ठाम मत होतं की हे भजनानं झालं. चाल सांगायची म्हणजे टिपेला जावं लागतं, दुसरं काय! मलाही तसंच वाटलं, आणि मी पहिली चूक केली. गाणं बंद करवलं आणि सात दिवसांचं मौन सांगितलं.

मौन दीड दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा शाळेतून गुडघा फोडून आला. त्यानंतर मौन मोडलं म्हणून त्या कुजबुजत बोलू लागल्या. ते तर अजून वाईट. जोर लावून कुजबुजताना गळा आवळून धरला जातो, आराम मिळत नाहीच. वर घरगुती उपाय चालूच होते : ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग, रात्री हळदीचं दूध. त्यांचा राग नाही, घशाला बरं वाटतं. पण ते जातं अन्ननलिकेतून, आणि स्वरतंतू असतात श्वासाच्या वाटेवर. गिळलेली कुठलीही वस्तू त्यांना शिवत नाही. शिवली तर ठसका लागतो. कुणा जुन्या जाणत्यानं त्यांना पहाटे चारला उठून खर्ज भरायलाही, म्हणजे खालचे सूर लांबवून घोटायलाही, सांगितलं होतं. खर्ज मी मानतो, शिकवतो. पण आधीच सुजलेल्या गळ्यानं, हनुवटी छातीला दाबून, न लागणारा मंद्र षड्ज (खालचा सा) ओढून काढायचा ह्याला खर्ज म्हणत नाहीत.

मौन फसल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. आधीच जायला हवं होतं.

चारही माग चालू होते. अशा सोप्यात आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. कारखान्यांत आठ तासांसाठी मर्यादा आहे ९० डेसिबलची, पण घरातल्या सोप्याला कारखाना कोण म्हणतंय? मी दारात उभा. ताई आतून मालकांना काहीतरी सांगत होत्या. मला शब्द कळत नव्हते, नुसत्या मानेच्या शिरा दिसत होत्या. एवढ्यात करंट गेला. चारही धोटे एकदम थांबले आणि त्या शांततेत ताईंचं उरलेलं वाक्य अख्ख्या गल्लीनं ऐकलं : "...चं दूध नासलंय म्हणतो मी!" समोरच्या घरातून कुणीतरी हसलं. ताईंना स्वतःलाच धक्का बसला. त्यांना वाटत होतं, आपण बोलतोय. गोंगाट वाढला की माणूस न ठरवता आवाज चढवतो आणि आपण चढवलाय हे त्याला कळतसुद्धा नाही. एत्येन लोंबार ह्या फ्रेंच डॉक्टरानं १९११ साली हे टिपलं, म्हणून ह्याला लोंबार परिणाम म्हणतात. वडगावात त्याला काहीच म्हणत नाहीत, कारण तिथे सगळेच तसे बोलतात.

करंट लवकर आला नाही. आम्ही स्वयंपाकघरात चहा प्यायलो, आणि तिथे मला जे दिसलं त्यानं प्रकरण उलटंपालटं केलं. माग बंद, घर शांत, मालक तीन फुटांवर बसलेले. तरी ताई त्यांच्याशी ओरडूनच बोलत होत्या. सासूबाईंशी नाही, मुलीशी नाही, फक्त त्यांच्याशी. आणि मालक प्रत्येक वाक्याला "आं?" करत होते. मी हळूच विचारलं, ऐकायला त्रास होतो काय? मालक म्हणाले, "मला काय झालंय? सगळं ऐकू येतंय. हीच तोंडातल्या तोंडात बोलते."

वर्षानुवर्षं मागाजवळ उभं राहिलेल्या माणसाचे कान सगळे एकदम जात नाहीत. आधी वरचे सूर जातात, ४००० हर्ट्झच्या (सेकंदाला ४००० कंपनांच्या) आसपासचे. गाडीचा भोंगा ऐकू येतो, पखवाज ऐकू येतो, बायको बोलतेय हेही ऐकू येतं. पण स, श, च, ट ही व्यंजनं पुसट होतात, आणि व्यंजनं गेली की बोलणं म्हणजे नुसती गुणगुण उरते. म्हणून ऐकणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटतं की समोरचा तोंडात बोलतोय. मालकांची तपासणी करवायला आम्हाला तीन आठवडे लागले. 'मी तुझ्या घशासाठी माझे कान कशाला दाखवू' हा मुद्दा होता, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर तो वेडगळही नव्हता. आलेख आला तो अपेक्षेप्रमाणेच, दोन्ही कानांत चार हजारावर खोल खड्डा.

म्हणजे घट्टे ताईंच्या गळ्यात होते, पण ते घडवले होते चार मागांनी आणि दोन कानांनी. भजन हफ्त्यातून तीन दिवस, दीड-दीड तास. बोलणं रोज चौदा तास.

व्यवस्था बदलली ती अशी. सोप्यात बोलायचं नाही, काही सांगायचं असेल तर उंबऱ्यावर यायचं. हाक मारण्याऐवजी मालकांनीच एक दिवा बसवला. मागांच्या वर लाल बल्ब, त्याचं बटण स्वयंपाकघरात. एकदा लागला तर चहा, दोनदा लागला तर कांड्या संपल्या, लागून राहिला तर ताबडतोब या. मुलानं पहिल्या दिवशी तो तीस वेळा लावला. आणि मालकांशी बोलताना मोठ्यानं बोलायचं नाही. समोर यायचं, ओठ दिसू द्यायचे, सावकाश बोलायचं. ऐकू न येणाऱ्याला जोरापेक्षा स्पष्टपणाचा उपयोग जास्त होतो. हे सांगायला सोपं आहे, पंधरा वर्षांची सवय मोडायला अवघड.

आता सरावाकडे येतो. आवाज सोडवायचा तर आधी सुटलेला आवाज कसा लागतो हे त्या माणसाला स्वतःच्याच गळ्यात सापडावं लागतं. मी गाऊन दाखवून ते होत नाही. ताईंना मी 'म्' म्हणायला लावलं, जांभई द्यायला लावली, उसासा टाकायला लावला. दोन शिकवण्या फुकट गेल्या. प्रत्येक वेळी त्या आवाज 'लावायच्या', गळा आवळून, जणू परीक्षाच आहे.

तिसऱ्या शिकवणीत त्यांचा फोन वाजला. सुताच्या व्यापाऱ्याचा होता म्हणून घ्यावा लागला. "हौद री... आयतु री... नाळे बर्री..." (हो, झालं, उद्या या.) मी पेटीवर हात ठेवून बसलो होतो, तो उचललाच नाही. आवाज निम्म्यानं स्वच्छ! खरखर होती, पण वाक्याच्या शेवटी हवा सुटत नव्हती. मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप चालूच होतं. माझ्याशी मराठीत बोलताना त्या २५० हर्ट्झच्या वर चढायच्या, व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये १९५ च्या आसपास बसल्या होत्या. भाषेचा काही गुण नव्हे. कन्नड ही त्यांची व्यवहाराची, आदराची भाषा. प्रत्येक वाक्याला 'री' लावून बोलायची. मराठी ही मागावरची, घरची, ओरडायची. एकाच गळ्यात दोन आवाज शेजारीशेजारी नांदत होते आणि त्यांतला एक धडधाकट होता.

मी म्हटलं, "आता माझ्याशी ह्याच आवाजात मराठी बोला." त्या लाजल्या. "तो फोनवरचा आवाज ओ. घरात असं बोललं तर म्हणतील, हिला काय झालंय?" सीमाभागात भाषेवरून किती बोललं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुठली भाषा कुठल्या गळ्यानं बोलली जाते हा विषय मात्र कुणी काढत नाही.

तर 'फोनवरचा आवाज' हेच आमच्या सरावाचं नाव पडलं. त्याच्या जोडीला शहाळ्याची जाड नळी. पेल्यात पाणी घ्यायचं, नळीचं टोक दोन बोटं बुडवायचं आणि नळीतून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. पाण्यामुळे हवेला पुढे थोडा अडसर होतो, त्याचा दाब मागे गळ्यापर्यंत पोचतो, आणि तंतू एकमेकांवर आपटायच्या ऐवजी अलगद टेकतात. बुडबुडे एकसारखे आले तर श्वास एकसारखा. शिकणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं, मास्तरला बोलावं लागत नाही. पाच मिनिटं, दिवसातून चारदा. त्यानंतर पोरं गाडी-गाडी खेळताना करतात तशी ओठांची फुर्रर्र, खालून वर, वरून खाली. मग 'म्'वरून मामा, मामी, मावशी असे शब्द. मग वाक्यं. मग अभंगाची पहिली ओळ, नुसती बोलून. सूर सगळ्यात शेवटी.

ह्या टप्प्यावर घोळ झाला. कोजागिरीपासून काकड आरती सुरू झाली. पहाटे पाचला देवळात, दवात, पाणीही न पिता, तापवल्याशिवायचा गळा. मी जाऊ नका म्हटलं होतं. त्या गेल्या, आणि मागच्या रांगेत उभं राहायचं ठरवून गेल्या, पण चाल सांगणारी आजारी पडली. सहाव्या पहाटे आवाज पूर्ण बसला. माझ्याकडे आल्या त्या पाटी-पेन्सिल घेऊन. मी चिडलो होतो. पाटीवर लिहिलं होतं : 'देवापुढं नाही म्हणाय येत नाही.' ह्यावर काय बोलणार? मी पुढच्या दिवसापासून जाताना घरीच दहा मिनिटं नळीचे बुडबुडे, कोमट पाणी, आणि एका आरतीआड गप्प बसणं असा तह केला. तह त्यांनी पाळला. मनाई केली असती तर ती पाळली नसती.

पण त्या सहा दिवसांनी एक गोष्ट दाखवून दिली. भजन निर्दोष नव्हतं. देवळात मी पहिल्यांदाच त्यांच्या मंडळाला नीट ऐकलं, आणि ऐकता ऐकता पेटीकडे बघितलं.

महिला मंडळ सगळं बायकांचं, पेटीवर मात्र गल्लीतले एक काका. काका काळी एकमध्ये वाजवतात, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज (सा) धरून. सगळं काळी एकमध्येच वाजवतात. पुरुषांच्या भजनाला ही पट्टी ठीक आहे. पुरुषाचा षड्ज येतो १३९ हर्ट्झवर. बाईला त्याच्याबरोबर गायचं तर एक सप्तक वर, २७७ वर षड्ज धरावा लागतो. अभंगाचा अंतरा तार गंधाराला (वरच्या सप्तकातल्या 'ग'ला) जातो, म्हणजे जवळपास ७०० हर्ट्झ. तो स्वर छातीच्या जोरावर, माईकशिवाय, वीस टाळांच्या वर काढायचा. शास्त्रीय गाणाऱ्या बायका बहुतेक काळी चार ते काळी पाचमध्ये गातात, आणि त्यांनी काही गळ्याची हौस कमी केलेली नाही. काळी चारमध्ये तोच तार गंधार ५२० च्या आसपास येतो. षड्जापासून गंधारापर्यंतची उडी तीच, अभंग तोच, गळ्यावरचा भार बराच कमी.

काकांशी बोलणी करायला मी दोनदा गेलो. काका वाईट माणूस नाहीत. पंचवीस वर्षं फुकट वाजवतात, पेटी स्वतःची, पेटीचा भाता स्वतः शिवतात. त्यांच्या बोटांकडे बघा : तर्जनी काळी एकवर टेकली की बाकीची चार आपोआप आपल्या जागा घेतात, डोळे मिटलेले. त्यांना काळी चार दिली आणि त्यांची बोटं पहिल्यांदा पोहायला उतरलेल्या पोरासारखी झाली. काका म्हणाले, "काळी एक ही मंडळाची पट्टी आहे. ती उतरवली की भजन पडतंय." बायकांतल्याही तिघीचौघींचं हेच मत. चढ्या पट्टीला भक्ती जास्त, असा एक हिशोब आपल्याकडे असतो.

तोड निघाली ती माझ्या शिकवणीतल्या स्केल चेंजर पेटीनं. तिच्यात पट्ट्यांची चौकट सरकवता येते. बोटं काळी एकची, आवाज काळी चारचा. काकांनी पहिला अभंग वाजवला, स्वतःच्या बोटांकडे आणि पेटीकडे आलटून पालटून बघितलं, आणि म्हणाले, "हे लबाडीचं काम झालं." पण वाजवत राहिले. पखवाजाचं काय, हा प्रश्न मला रात्रभर छळत होता, कारण काळी एकला लावलेलं त्याचं पान (कातडं) एवढं उतरवता येत नाही. उतरवायची गरजच पडली नाही. षड्ज काळी चारवर गेला की काळी एक हा त्याचा मध्यम (म). पखवाज होता तिथेच राहिला आणि मध्यमात बोलू लागला. कानाला गोडच लागला.

ज्याची मी कल्पनाही केली नव्हती ते निराळंच घडलं. मंडळात साठीच्या पुढच्या पाचसहा आज्या आहेत. वयानं बाईचा आवाज खाली उतरतो, त्यामुळे काळी एकच्या भजनात त्या वर्षानुवर्षं नुसते ओठ हलवत होत्या. काळी चारला त्यांतली एक अचानक गायला लागली. मग दुसरी. ताईंच्या सासूबाई तिसऱ्या. सुनेचा आवाज बसला नसता तर सासूला गाता येतं हे कुणाला कळलं नसतं. तरण्या पोरी मात्र कुरकुरतात, त्यांना झोप येते म्हणे. म्हणून आता गजराला पट्टी काळी पाचपर्यंत चढवतात, अभंग काळी चारमध्ये.

श्वासाचं एक राहिलं. ताई प्रत्येक ओळ एका दमात ओढायच्या, मधे श्वास घेणं म्हणजे कच्चेपणा असं मानून. मी त्यांना सुळेभावीचं नाव सांगितलं. बेळगावपासून हाकेच्या अंतरावरचं हे गाव, तिथे १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद राहिलं, आणि परत गायला बसले तेव्हा त्यांनी गाण्यात छोट्या छोट्या जागा, थांबे, अचानक उसळणारे तुकडे आणले. श्वासाची जागा हीच गाण्याची जागा झाली. ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते बी बेळगावचेच व्हय?" त्यानंतर त्या ओळीच्या मधे निःसंकोच श्वास घेतात.

संक्रांतीनंतर पुन्हा कॅमेरा केला. डावीकडचा घट्टा बसलेला. उजवीकडचा लहान झालाय, पण आहे. 'आ' १४ सेकंदांपर्यंत गेला. आवाज पूर्वीचा झाला असं मी म्हणणार नाही, आणि ताईही म्हणत नाहीत. दिवसभर माग चालवून आलेल्या संध्याकाळी अजून खरखर येते. आठवड्यातून तीनऐवजी दोनच दिवस त्या चाल सांगतात, तिसऱ्या दिवशी दुसरी सांगते. फोन पुन्हा स्वतः घेतात. पार्सलवाला अजून कधीकधी 'दादा' म्हणतो. मग त्या त्याला 'री' लावून कन्नडमध्ये उत्तर देतात, आणि तो 'अक्का' वर येतो.

मालकांनी श्रवणयंत्र घ्यायला साफ नकार दिला आहे. कानात घालायचे फोमचे बोळे मी आणून दिले. कापूस पुरत नाही, त्यानं फारसा आवाज अडत नाही. ते बोळे वापरतात, पण एकाच कानात. दुसरा कान मोकळा का, म्हणून मी रागानं विचारलं. ते मला मागापाशी घेऊन गेले, डोळे मिटून उभे राहिले, आणि थोड्या वेळानं चारांपैकी तिसऱ्या मागाकडे बोट केलं. मला काहीही फरक ऐकू आला नव्हता. जाऊन बघितलं तर ताण्याचा एक धागा तुटला होता. बोळा उजव्या कानात असतो. ताई आता उंबऱ्यावर आल्या की त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहून बोलतात.